ढगफुटी म्हणजे किती मिलिमीटर?

डॅनिश भाषेत ढगाला ‘स्क्यू’ म्हणतात आणि फुटण्यातुटण्याला ‘ब्रुड’. दोन्ही जोडले की होतो ‘स्क्यूब्रुड’, म्हणजे शब्दाला शब्द ठेवून आपली ढगफुटी. डेन्मार्कच्या आणि आपल्या पूर्वजांची कधी गाठभेट झाली असेल असं वाटत नाही, पण आभाळातून एकदम पाणी कोसळताना पाहून दोघांनाही ढग फुटल्याचंच सुचलं. जमतं ते एवढंच. डेन्मार्कच्या हवामान संस्थेच्या लेखी अर्ध्या तासात १५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की झाली ढगफुटी. भारतीय हवामान विभाग मात्र तासाभरात १०० मिलिमीटर पडल्याशिवाय तो शब्द वापरत नाही, आणि तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत. अर्ध्या तासात १५ मिलिमीटर पाऊस मुंबईत जुलैमध्ये पडला, तर लोक छत्री उघडून वडापाव आणायला जातात.

गेली काही वर्षं जगभरातली शहरं पाऊस, समुद्र आणि ऊन यांच्यापासून वाचण्याचे उपाय एकमेकांकडून उसने घेताहेत. करार होतात, महापौर एकमेकांकडे जातात, अभियंते दुसऱ्याच्या गावात गमबूट घालून फिरून येतात. या देवाणघेवाणीत हाती काय लागतं आणि वाटेत काय सांडतं, हे पाहायला ढगफुटीचं उदाहरण सोयीचं आहे. वस्तू एकच, पण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी.

२ जुलै २०११, शनिवारची संध्याकाळ. कोपनहेगनवर दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला. तिथे वर्षभरात मिळून साधारण ६०० मिलिमीटर पडतो, म्हणजे तीन महिन्यांचा पाऊस एका संध्याकाळी. महामार्गांवर मोटारी तरंगल्या, घरांची तळघरं भरली, रिग्सहॉस्पिटालेट या देशातल्या प्रमुख रुग्णालयात पाणी शिरून ते रिकामं करण्याची पाळी येता येता राहिली. विम्याचे दावेच सहा अब्ज क्रोनरच्या घरात गेले. शहरातली बहुतेक गटारं जुन्या युरोपीय पद्धतीची, म्हणजे पावसाचं पाणी आणि मैला एकाच नळातून वाहून नेणारी. नळ भरला की उलट्या दिशेने वर येतं ते नुसतं पाणी नसतं.

यावर सरळ उपाय एकच दिसतो : गटारं मोठी करा. तिथल्या अभियंत्यांनी हिशेब मांडला, तेव्हा सगळं शहर खणून मोठे नळ घालण्यापेक्षा दुसरा मार्ग स्वस्त निघाला. नेहमीचा पाऊस नळांनी न्यावा आणि नळांच्या आवाक्याबाहेरचं पाणी रस्त्यांनी, बागांनी, चौकांनी जमिनीवरूनच वाहून न्यावं. काही रस्त्यांचा उतार बदलून ते पावसापुरते ओढे करायचे, काही बागा खोलगट करून तासाभराची तळी करायची. २०१२ च्या आराखड्यात अशी सुमारे ३०० कामं आहेत आणि मुदत आहे वीस वर्षांची. त्यात एक वाक्य मला फार आवडतं, कारण ते कुणालाही पट्टी घेऊन तपासता येतं : शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी उभं राहता कामा नये. घोट्याच्या वर नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने जगभर घोटाळा केला आहे. २००५ साली झालं, आता २१०५ पर्यंत चिंता नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षी असा पाऊस येण्याची शक्यता शंभरात एक, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर ते फिटेपर्यंत असा पाऊस एकदा तरी दारात येण्याची शक्यता १८ टक्के. शिवाय हे गणित गेल्या शतकातल्या नोंदींवर बेतलेलं. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे शंभरातला एक आता शंभरातला एक उरलेला नाही.

कोपनहेगनच्या व्हेस्टरब्रो भागात एंगहेवपार्कन नावाची १९२० च्या दशकातली बाग आहे. जागा उतारावर असल्याने तिच्या खालच्या बाजूंनी त्यांनी एक बसका कट्टा बांधला. एरवी लोक त्यावर बसतात, मुलं त्यावरून चालतात. बागेत शिरायच्या वाटांपाशी हा कट्टा तुटतो. तिथे जमिनीत फळ्या बसवल्या आहेत, पाणी चढलं की त्या आपोआप उभ्या राहून वाट बंद करतात. मग सगळी बाग एक परात होते आणि तिच्यात २२,६०० घनमीटर पाणी मावतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे २,२६० टँकर. पाऊस ओसरला, नळ मोकळे झाले, की बाग हळूहळू रिकामी होते आणि गुलाबांचे वाफे पुन्हा गुलाबांचे.

छायाचित्रं या बागेची निघतात, शिष्टमंडळं तिथेच उभी राहतात. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल छायाचित्रात न येणारा होता. आधी तिथल्या पाणीपट्टीचा पैसा पाणी कंपनीला नळांवरच खर्च करता यायचा. बाग खोलगट करणं हे बागखात्याचं काम, रस्त्याचा उतार बदलणं रस्तेखात्याचं. डेन्मार्कने कायदा बदलला आणि जमिनीवरून पाणी नेणाऱ्या कामांनाही पाणीपट्टीचा पैसा वापरायची मुभा दिली. जो तो आपल्या खात्याच्या कुंपणापर्यंतच पाहतो, हा रोग आपल्याकडेही आहे. नालेसफाई एकाची, रस्ता दुसऱ्याचा, रेल्वेखालची मोरी तिसऱ्याची, आणि पाणी मात्र एकच.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कने कोपनहेगनशी करार केला. वरवर पाहता हे जरा विचित्रच. न्यूयॉर्कला २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाने बुडवलं होतं, आणि ते पाणी समुद्राचं होतं. सगळा पैसा, सगळं लक्ष किनाऱ्याच्या भिंतींवर होतं. तरी पर्यावरण खात्यातल्या काही मंडळींना वाटत होतं की पुढचं पाणी वरून येईल. डेन्मार्कच्या सल्लागारांना बरोबर घेऊन क्वीन्समधल्या सखल वस्त्यांचा अभ्यास झाला. साउथ जमैका हाउसेस या सरकारी वसाहतीत बास्केटबॉलचं मैदान जमिनीच्या पातळीखाली घेऊन तिथे पावसाचं पाणी थोपवायची योजना निघाली. कागद झाले, अभ्यास झाले, आणि काम सरकारी गतीने सरकत राहिलं.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला भाग न्यूयॉर्कवर आला. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात सुमारे ८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहराची गटारं बेतलेली आहेत तासाला ४४ मिलिमीटरवर. शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा तळघरातल्या खोल्यांत. यातल्या बऱ्याच खोल्या बेकायदा भाड्याने दिलेल्या, राहणारे बहुतेक कष्टकरी आणि परदेशातून आलेले, आणि बाहेर पडायला दार एकच. कोपनहेगनमध्येही तळघरं भरली होती, पण तिथे मुख्यतः सायकली आणि वाइनच्या बाटल्या बुडाल्या. त्या शहराकडून पाण्याचं शास्त्र शिकता येत होतं. आपल्या तळघरात कोण झोपतं, हे न्यूयॉर्कला स्वतःच मोजावं लागणार होतं. आयडानंतर ढगफुटीच्या कामांना पैसा आला. जानेवारी २०२३ मध्ये शहराने चार नव्या ठिकाणांसाठी जवळपास ४० कोटी डॉलर जाहीर केले.

नेदरलँड्सचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय निघत नाही, तेव्हा तोही करतो. रॉटरडॅममधल्या बेंथेमप्लेन या चौकात २०१३ साली जमिनीत पायऱ्यापायऱ्यांचे तीन हौद केले. एरवी खेळायचे, बसायचे, पाऊस आला की मिळून सतरा लाख लिटर पाणी धरायचे. जगातल्या प्रत्येक सादरीकरणात हा चौक असतो. एकदा एका चर्चासत्रात मी तो एका दिवसात तीन वेगवेगळ्या वक्त्यांच्या पडद्यावर पाहिला, त्यातल्या एकाने तो मुंबईत कुठे बसेल हेही नकाशावर दाखवलं. जागा चांगली होती. फक्त तिथे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरलेला हौद सप्टेंबरअखेरपर्यंत रिकामा होणार नव्हता, आणि त्यात खेळणारी मुलं नसती, डासांच्या अळ्या असत्या. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. हॉलंडमध्ये पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, जमिनीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आपल्याकडे जुलैच्या मध्यापर्यंत जमीन तुडुंब प्यालेली असते, तिला आणखी एक थेंब चालत नाही.

हेच चीनमधले भूदृश्य रचनाकार यू कोंगजियान वर्षानुवर्षं सांगत आले. झेजियांग प्रांतातल्या खेड्यात वाढलेला हा माणूस हार्वर्डला शिकून परतला आणि म्हणू लागला की, युरोपच्या सौम्य पावसासाठी घडलेले सिमेंटचे कालवे आणि नळ मान्सूनच्या देशाने डोळे मिटून उचलू नयेत. शेताचे बांध, गावतळी, पूर पसरू देणाऱ्या पाणथळ जागा यांतून त्यांनी ‘स्पंज शहर’ ही कल्पना मांडली. सरकारने ती उचलली आणि २०१५ मध्ये सोळा शहरांत प्रयोग सुरू झाले. पुढे जंगजौ शहरानेही त्यात भरपूर पैसा ओतला. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला, भुयारी रेल्वेत पाणी शिरलं आणि गाडीत अडकलेली चौदा माणसं दगावली. स्पंज फसला, अशी टीका झाली. ती मला अर्धीच पटते. कुठलाही स्पंज तासाला दोनशे मिलिमीटर पिऊ शकत नाही. पण शहर स्पंज झालं म्हणून भुयारी गाडी कधी थांबवायची याचा विचार करावा लागणार नाही, असं कुणाला वाटलं असेल तर चूक तिथे होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या पँतानाल पाणथळ प्रदेशात याच विषयावरचा माहितीपट करताना विमान कोसळून यू गेले.

आता मुंबई. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगवेगळे दिवस. त्या दुपारी उपनगरात एका तासात १९० मिलिमीटर पडल्याची नोंद आहे, आणि शहराच्या पर्जन्यजल वाहिन्या ब्रिटिशांच्या काळापासून तासाला २५ मिलिमीटरच्या. तेसुद्धा ओहोटी असेल तर.

यावर उसना सल्ला आपण आधीच घेऊन ठेवला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने वॉटसन हॉक्सली या ब्रिटिश सल्लागारांना नेमलं आणि १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅड हा अहवाल आला. त्यात दोन साध्या गोष्टी होत्या. वाहिन्या तासाला ५० मिलिमीटर पावसाच्या करा. आणि दुसरी, जी मला जास्त मोलाची वाटते : पडलेल्या पावसातला निम्मा जमिनीत मुरतो, हे गृहीतक सोडा. जुन्या मुंबईत मैदानं होती, वाड्या होत्या, तेव्हा ते खरं असेल. आता पडलेला सगळाच्या सगळा पाऊस वाहून येतो असं धरा. म्हणजे नळ तोच, पण त्यात येणारं पाणी दुप्पट. हा अहवाल बारा वर्षं कपाटात होता. २६ जुलै झाली, माधवराव चितळे यांच्या समितीने तपास करून अहवाल दिला, केंद्राने बाराशे कोटी मंजूर केले, तेव्हा कुठे कामं हलली. जाता जाता, ५० मिलिमीटर हे न्यूयॉर्कच्या ४४ पेक्षा जास्तच आहेत. आपल्या गटारांना नावं ठेवताना एवढं लक्षात असावं. फरक असा की न्यूयॉर्कला ८० मिलिमीटरचा तास ऐतिहासिक वाटतो.

कोपनहेगनला नसलेली एक अडचण मुंबईला आहे, ती म्हणजे समुद्राचं वेळापत्रक. तिथल्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा फरक नगण्य. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि पाणी समुद्रात सोडणारी बहुतेक पातमुखं त्या पातळीच्या खाली आहेत. भरतीला ती उघडी ठेवली तर समुद्रच आत येतो. म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंद इथे उदंचन केंद्रं आली. एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी समुद्रात फेकणारा. भरती दर साडेबारा तासांनी येते. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी पाऊस आला, तरी सहा तास पाणी कुठेतरी धरून ठेवलं की पुढे ओहोटी आपोआप ते ओढून नेते.

हिंदमाताच्या टाक्यांमागचं गणित हेच आहे. परळ-दादरच्या मधला हा भाग बशीसारखा आहे, चारही बाजूंचं पाणी तिथे उतरतं. महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली साठवण टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकदम आली की पंपाने पाणी त्यात ढकलायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. वृत्तपत्रांनी लगेच टोकियोचं नाव काढलं. टोकियोजवळ कासुकाबे इथे जमिनीखाली १७७ मीटर लांबीचा, ५९ खांबांचा, देवळाच्या सभामंडपासारखा अवाढव्य हौद आहे, त्याच्यापुढे आपल्या टाक्या म्हणजे घरच्या माठासारख्या. पण तुलना आकाराची करण्यात अर्थ नाही. टोकियोचा हौद नदीचा पूर दुसऱ्या नदीत वळवतो, कोपनहेगनची बाग पाण्याला जागा देते, हिंदमाताच्या टाक्या पाण्याला वेळ देतात. वर खेळाचं मैदान आणि खाली टाकी, एवढंच उसनं. त्यामागचं घड्याळ मात्र अरबी समुद्राचं.

उसनवारीची आणखी एक तऱ्हा अलीकडे आली आहे. ओस्लो शहराने दशकभरापूर्वी ‘हवामान अर्थसंकल्प’ सुरू केला. दर वर्षी रुपयापैशांच्या अंदाजपत्रकाबरोबर कार्बनचंही अंदाजपत्रक मांडायचं, आणि कुठल्या खात्याने किती वाचवायचा ते लिहून ठेवायचं. सी-४० या शहरांच्या संघटनेमार्फत ही पद्धत इतर शहरांत गेली. ही संघटना ऑक्टोबर २००५ मध्ये लंडनला सुरू झाली, मुंबई बुडाल्यानंतर तीनच महिन्यांनी. तिच्यात मुंबई शिरली डिसेंबर २०२० मध्ये, मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला आणि ५ जून २०२४ ला महापालिकेने आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल मांडला. ओस्लोत असा अर्थसंकल्प म्हणजे मुख्यतः धूर कमी करण्याचा हिशेब. मुंबईला त्यात पूर, सांडपाणी आणि ऊन घालावं लागलं. इथे माझी शंका अशी की, आधीच ठरलेल्या खर्चावर नवा शिक्का मारून आकडा फुगवणं अशा कागदात सोपं असतं. तरीही कुठल्या खात्याने काय करायचं होतं हे लिहून ठेवलेलं बरं, निदान पुढच्या वर्षी विचारता तरी येतं.

आणि सगळा माल तिकडूनच इकडे येतो असं नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचं तापमान ४६.८ अंशांवर गेलं आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने अमेरिकेतल्या संशोधकांना बरोबर घेऊन शहराच्या मृत्युनोंदी आणि तापमान शेजारी शेजारी मांडले, आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातली पहिली उष्णता कृती योजना निघाली. ४५ अंशांना लाल इशारा, त्याखाली नारिंगी, मग पिवळा. ही योजना पुढे नागपूरसकट कितीतरी शहरांत गेली. जिथे फक्त रंगांचा तक्ता नेला तिथे त्याचा उपयोग नाही, कारण ४५ हा आकडा अहमदाबादच्या स्मशानांतून आला होता. घामट मुंबईत माणूस सदतीसलाच कोलमडतो. हवामान विभागही किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, सपाट प्रदेशात ४० पासून.

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला. इतका लवकर तो आल्याची नोंद नव्हती. वरळीचं नवं भुयारी मेट्रो स्थानक, आचार्य अत्रे चौक, चिखलपाण्याने भरलं. हिंदमाताला पाणी साचलं, कारण टाक्या असून पंप वेळेवर सुरू झाले नाहीत. ते चालवणाऱ्यांना महापालिकेने दंड केला. यंत्रणा जूनसाठी सज्ज होत होती आणि पावसाने पंचांग पाहिलं नव्हतं.

हिंदमाताच्या कापडबाजारात माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. त्यांच्या गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक चिकटवलेलं असतं, साडेचार मीटरच्या वरच्या दिवसांभोवती लाल पेनाने गोल. दुकानातली सगळ्यात खालची फळी दर वर्षी मेच्या शेवटी रिकामी होते, ताग्यांचे गठ्ठे वर चढतात. टाक्या झाल्यावर एकदा मी त्यांना म्हटलं, “काका, आता खाली माल ठेवायला हरकत नाही.”

“पाणी पूर्वीसारखं थांबत नाही, हे खरं,” ते म्हणाले. “आधी दिवसभर असायचं, आता तास-दोन तास.” मग फळीकडे पाहून म्हणाले, “पण कापडाला तास-दोन तास पुरतात.”